समुद्राविना शिडाच्या शर्यती

शिडाचे जहाज म्हटले की आपल्याला कान्होजी आंग्र्यांचे आरमार आठवते. पण ते कोकणातले. आपल्या इंदूरहून समुद्र पाहायला मुंबईस जायचे तर एक रात्र गाडीत काढावी लागते. तरीही २०१८ आणि २०२३ अशा लागोपाठच्या दोन एशियाडमध्ये शिडाच्या होडीच्या शर्यतीत मध्य प्रदेशच्या मुलींनी पदके मिळवली. जाकार्ता येथे हर्षिता तोमरला कांस्य मिळाले, तेही मुले-मुली एकत्र उतरलेल्या गटात. चीनमध्ये नेहा ठाकूरने मुलींच्या गटात रौप्य मिळवले. नेहा तर आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

‘क्लास’ म्हणजे काय?

शिडाच्या होड्या शेकडो प्रकारच्या असतात. मोठ्या शिडाची होडी लहान शिडाच्या होडीला सहज मागे टाकील, मग शर्यतीला अर्थ काय उरला? म्हणून होडीचा एक साचा ठरवतात. लांबी, वजन, शीड, डोलकाठी, सुकाणू, सारे नियमाप्रमाणे. अशा एका साच्याच्या होड्यांच्या गटाला क्लास म्हणतात. परीक्षेत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असते, तसेच हे. वारा ओळखण्याची नजर, तोल आणि धीर यांवरच निकाल लागतो. वडिलांच्या पैशांवर लागत नाही.

लहान मुलांचा सर्वांत प्रसिद्ध क्लास म्हणजे ऑप्टिमिस्ट. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील क्लिअरवॉटर गावी १९४७ साली क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्या कारागिराने ती तयार केली. मुलांसाठी स्वस्त होडी हवी, अशी मागणी गावातून आली होती. प्लायवूडचा पत्रा आठ फूट लांबीचा मिळतो, म्हणून होडी आठ फुटांच्या आतच बसवली. समोरचे टोक निमुळते न ठेवता सरळ कापलेले ठेवले. दिसायला ती एखाद्या डब्यासारखी दिसते, पण बांधायला सोपी आणि सहसा न उलटणारी. तिचे वजन अवघे ३५ किलो. गावातील ऑप्टिमिस्ट क्लबने या उपक्रमाला हातभार लावला, म्हणून होडीलाही तेच नाव पडले. पुढे ती डेन्मार्कमार्गे युरोपात पोहोचली. १९६५ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि आज शंभराहून अधिक देशांत मुले ती चालवतात. वयाची अट मात्र कडक आहे: ज्या वर्षी सोळावे वरीस लागते, त्या वर्षी ऑप्टिमिस्टचा निरोप घ्यावा लागतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे पूर्वी लेझर म्हणून ओळखली जाणारी आयएलसीए. हिची गंमत अशी की होडीचा सांगाडा तोच राहतो आणि मूल मोठे झाले की शीड मोठे होते. सर्वांत लहान शीड ४.७ चौरस मीटरचे. हर्षिता आणि नेहा यांची पदके याच शिडाची. त्याहून मोठ्या दोन शिडांच्या शर्यती ऑलिंपिकमध्येही होतात. चेन्नईची नेत्रा कुमानन टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरणारी पहिली भारतीय महिला सेलिंगपटू ठरली, ती यातील मधल्या शिडावर.

शर्यत कशी मोजतात?

पाण्यात बोये टाकून मार्ग आखतात. वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला होडी सरळ जाऊच शकत नाही, म्हणून डावीकडे-उजवीकडे वळणे घेत, घाट चढावा तशी ती वाऱ्यावर चढवावी लागते. कोठे वळायचे यातच खरे कसब. गुणांची पद्धत आपल्या सवयीच्या उलट आहे: पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता. एकाच दिवसाच्या वाऱ्यावर निकाल लागू नये म्हणून अनेक शर्यती घेतात आणि सर्वांत वाईट शर्यत वगळतात. नेहाचे अकरा शर्यतींचे ३२ गुण झाले होते. सर्वांत वाईट शर्यतीचे पाच वजा जाऊन २७ उरले. म्हणजे अकरा शर्यतींत ती एकदाही पाचव्या क्रमांकाच्या खाली गेली नाही. एखाद्या दिवशी चमकण्यापेक्षा रोज चांगले खेळण्याला येथे मोल आहे.

क्लबांशिवाय क्लास नाही

होडी एकट्याने विकत घेता येईल, पण शर्यत एकट्याने होत नाही. प्रशिक्षक लागतो, पाठीमागे सुरक्षेची मोटरबोट लागते, होड्या ठेवायला किनारा लागतो. हे सारे क्लब पुरवतो. आपल्या देशात हा खेळ मोठ्या बंदरांतून सुरू झाला. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधील शिडाच्या शर्यतीही समुद्र हवा म्हणून मुंबईत झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल क्लासमध्ये सुवर्ण मिळवले. पुढे खेळ तलावांवर आला. हैदराबादच्या हुसेनसागरावर लष्कराच्या जोडीने गरीब वस्त्यांतील मुलेही होड्या चालवू लागली. आपल्या राज्यात भोपाळच्या बड्या तलावावर सेलिंगची शाळा आणि राज्य सरकारची अकादमी उभी राहिली. अकादमीची होडी मिळते, म्हणूनच शेतकऱ्याची मुलगी एशियाडपर्यंत जाऊ शकते. घरून होडी आणायची अट असती, तर नेहाचे नाव आपण ऐकले असते का?

मात्र या साऱ्याचा पाया पाणी आहे. बडा तलाव राजा भोजाच्या काळचा, अकराव्या शतकातला. तो भोपाळची तहान भागवतो, २००२ पासून रामसर यादीत आहे, आणि पाऊस कमी झाला की आक्रसतो. तलाव गाळाने भरला वा जलपर्णीने झाकला, तर पिण्याचे पाणीही जाईल आणि शिडेही उतरवावी लागतील. आपल्या इंदूरचे सिरपूर आणि यशवंतसागर २०२२ मध्ये त्याच यादीत आले. ते आधी पक्ष्यांचे आणि पाण्याचे आहेत. तेथे शर्यती व्हाव्यात असा आग्रह नाही. पण तलाव जपले म्हणजे काय काय जपले जाते, हे भोपाळने दाखवले आहे.

पुढच्या वेळी भोपाळला नातेवाइकांकडे गेलात, तर सकाळी तलावाकाठी जरूर जा. पांढरी शिडे दिसली की वारा कोठून येतो आहे ते ओळखून पाहा. आणि त्याआधी, मित्रांनो, पोहायला शिका. या खेळाची पहिली इयत्ता तीच आहे.