एपिसोड ट्रान्स्क्रिप्ट: बेटावरचा व्हिला आणि लातूरची रेल्वे

हेडफोन लावून ऐकताय ना? आजचा विषय आहे बेटावरची लक्झरी ट्रिप. मालदीव, लक्षद्वीप, पाण्यावरचे व्हिला, स्वतःचा स्विमिंग पूल, आणि वर 'सस्टेनेबल' असा शिक्का. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला गेले आणि दोनच दिवसांत आपल्या नांदेड-लातूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा 'मालदीव सोडा, लक्षद्वीप चला' सुरू झालं. एका मित्राने हनिमूनसाठी रिसॉर्टची लिंक पाठवली आणि विचारलं, "हे इको-फ्रेंडली म्हणतायत, खरं असतं का रे?"

मी त्याला म्हटलं, बाकी सगळं सोड, आधी पाणी कुठून येतं ते विचार. लातूरच्या माणसाला हा प्रश्न शिकवावा लागू नये!

आठवतंय ना, एप्रिल 2016? मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी नको म्हणून जमावबंदी. मग मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन रेल्वे आली, जलदूत. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. नंतर 50 वाघिणी, म्हणजे 25 लाख लिटर. एका वाघिणीत साधारण 50 हजार लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बेटावर जाऊ. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची आहेत. तिथे नदी नाही, धरण नाही. पावसाचं पाणी वाळूतून आणि सच्छिद्र प्रवाळातून खाली झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. गोड्या पाण्याचा हा थर भिंगासारखा असतो, मधे जाड, कडेला पातळ. समुद्रसपाटीच्या वर तो 1 फूट असेल, तर हिशेबाने खाली सुमारे 40 फूट असतो. ऐकायला भारी वाटतं, पण उलटं करून बघा. मोटार लावून वरची पातळी थोडीशीच खाली नेली, तरी खालून खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. आपल्याकडे बोर आटला तर आपण अजून खोल जातो. तिथे खोल गेलात की समुद्रच लागतो. आणि एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला पावसाची वाट बघावी लागते. त्यात रिसॉर्टचं सांडपाणी त्याच वाळूत सोडलं, तर तेही त्याच पाण्यात उतरतं.

म्हणून मग समुद्राचं पाणी गोडं करायचं. 2005 मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने कवरत्ती बेटावर एक प्लांट उभा केला. इंजिनिअर म्हणून मला तो फार आवडतो, कारण त्यात फिल्टरचा पडदाच नाही. वरचं कोमट समुद्राचं पाणी व्हॅक्यूममध्ये सोडलं की थोडं पाणी लगेच वाफ होतं. साडेतीनशे मीटर खोलीवरून ओढलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ गार केली की गोडं पाणी मिळतं. रोज 1 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत कवरत्तीची लोकसंख्या होती 11 हजारांच्या आसपास. म्हणजे माणशी 9 लिटर, घागरभरही नाही.

आता गणित करू. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, सव्वा मीटर खोल असा खासगी पूल. त्यात 40 हजार लिटर पाणी मावतं. लातूरच्या रेल्वेची एक वाघीण जवळजवळ रिकामी होईल. कवरत्तीच्या हिशेबाने साडेचार हजार माणसांचं दिवसाचं पाणी. हा एक पूल, एका जोडप्याचा! काही रिसॉर्ट पुलात समुद्राचंच पाणी भरतात. ते परवडलं. पण हे वेबसाइटवर शोधून सापडत नाही, फोन करून विचारावं लागतं.

मालदीवमध्ये तर राजधानी मालेच या मशिनांवर जगते. डिसेंबर 2014 मध्ये तिथल्या प्लांटला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ बंद पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं. त्यांची जलदूत समुद्रावरून आली, एवढाच फरक. शिवाय ही मशिनं चालतात विजेवर, वीज बहुतेक डिझेलवर, आणि डिझेल येतं जहाजाने. कचऱ्याचं म्हणाल तर मालेजवळ थिलाफुशी नावाचं अख्खं कचऱ्याचं बेट आहे, तो वेगळा एपिसोड होईल.

मग लक्झरी वाईटच का? माझं मत तसं नाही. बंगारामवर अनेक वर्षं एक महागडं रिसॉर्ट चालायचं, तिथे ना एसी, ना टीव्ही. लोक पैसे देऊन शांतता घ्यायला जायचे. मालदीवमध्ये सोनेवाने 2008 पासून बाहेरून बाटलीबंद पाणी आणणंच बंद केलं, जागेवर गोडं करून काचेच्या बाटलीत भरतात. जानेवारी 2023 मध्ये ताजवाल्या कंपनीने सुहेली आणि कदमत इथे प्रत्येकी 110 खोल्यांची रिसॉर्ट जाहीर केली, त्यात पाण्यावरचे व्हिलाही आहेत. बांबूचा स्ट्रॉ बघून मी खूश होणार नाही. पाणी, सांडपाणी आणि वीज, या तिन्हींचं उत्तर द्या, मग बोलू.

मित्राने फोन केला. एका ठिकाणी रिसेप्शनवाली म्हणाली, "सर, आम्ही टॉवेल रोज धुत नाही." दुसऱ्या ठिकाणी मॅनेजरने सोलर किती, सांडपाणी कुठे जातं, पावसाचं पाणी किती साठवतात, सगळं सांगितलं. बुकिंग तिथेच झालं.

आता कामाचं. आपल्याला हैदराबादहून कोची, तिथून अगत्तीचं छोटं विमान किंवा जहाज. लक्षद्वीपला परमिट लागतं, आधी ते काढा, मग तिकीट. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, ऑक्टोबर ते मे बरं. आणि हो, प्रवाळावर उभं राहून रील काढू नका. 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापून तिथलं खूप प्रवाळ मेलंय, उरलंय त्यावर पाय नको. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!