पोटात रक्तस्राव, उपचाराची वाट जांघेतून!

पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली, टाके सुकत आले आणि आठ-दहा दिवसांनी आत एखादी धमनी गळू लागली. पूर्वी उत्तर एकच होतं, पोट पुन्हा उघडा. आता बऱ्याचदा जांघेत किंवा मनगटात सुईचं एक भोक पुरतं.

सगळ्यात धोक्याची जागा स्वादुपिंडाजवळ. स्वादुपिंडाचं डोकं काढण्याच्या व्हिपल शस्त्रक्रियेत यकृताच्या धमनीची एक फांदी बांधून कापतात. स्वादुपिंड आणि आतड्याच्या जोडातून स्वादुपिंडाचा रस झिरपला, तर तो त्या फांदीच्या उरलेल्या टोकाची भिंत कुरतडतो आणि तिथे रक्ताचा फुगा धरतो. तो फुटण्याआधी अनेकदा पोटातून बाहेर काढलेल्या नळीत, म्हणजे ड्रेनमध्ये, थोडंसं रक्त येतं आणि आपोआप थांबतं. डॉक्टर त्याला 'सेंटिनल ब्लीड' म्हणतात. थांबलं म्हणून गप्प बसू नका, रात्री दोन वाजताही नर्सला उठून सांगा! मोठा रक्तस्राव काही तासांतही होऊ शकतो.

पित्ताशय काढल्यावरही क्वचित असा फुगा होतो. रक्त पित्तनलिकेत उतरतं. मग पोटदुखी, कावीळ आणि काळी शौच. हे त्रिकूट डॉक्टर क्विंके यांनी 1871 मध्येच टिपलं होतं.

धमनीत शिरण्याची युक्ती स्वीडनचे डॉक्टर सेल्डिंगर यांची, 1953 सालची: सुई टोचा, तिच्यातून तार सरकवा, सुई काढा, तारेवरून नळी घाला. आजही हेच करतात. 1972 मध्ये अमेरिकेत डॉक्टर रॉश आणि डॉटर यांनी रुग्णाच्याच रक्ताची गुठळी नळीतून सोडून पचनमार्गातला रक्तस्राव थांबवल्याचं प्रसिद्ध केलं. आता प्लॅटिनमच्या बारीक कॉइल, वैद्यकीय गोंद किंवा आच्छादित स्टेंट, म्हणजे धमनीत आतून बसवायची जाळीदार नळी, वापरतात.

कॉइल फुग्याच्या अलीकडेही बसवतात आणि पलीकडेही. पोटातल्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या असतात; एकच दार लावलं तर रक्त मागच्या दाराने येतं.

यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, म्हणून त्याच्या धमनीची फांदी बंद केली तरी ते सहसा निभावतं. प्रत्यारोपित यकृताचं तसं नाही. तिथे पित्तनलिका धमनीवरच जगतात, त्यामुळे शक्य तिथे स्टेंट बसवून प्रवाह चालू ठेवतात.

रुग्ण बहुधा जागाच असतो. आत फिरणारी नळी जाणवत नाही, क्ष-किरणांत धमन्या दिसाव्यात म्हणून रंगद्रव्य सोडताच मात्र पोटात ऊब पसरते, आणि चित्र हलू नये म्हणून सांगतात, "श्वास रोखून धरा."

मोठ्या शस्त्रक्रियेची तारीख घेताना एक प्रश्न जरूर विचारा: इथे असा नळीचा उपचार करणारा इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट रात्रीही मिळतो का?