गव्हावाचूनची पिठे

गव्हाच्या दाण्यात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. कणीक भिजवून मळली की ती एकमेकांत गुंतून चिवट जाळी तयार होते. हेच ग्लूटेन. पोळी पातळ लाटली तरी फाटत नाही, पुरण बाहेर येत नाही, पाव फुगून तसाच राहतो, ते या जाळीमुळे. जवात आणि राय या युरोपीय धान्यातही याच कुळातली प्रथिने असतात. सीलिअ‍ॅक विकार असलेल्यांच्या शरीरात या प्रथिनांमुळे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे तिथले सूक्ष्म उंचवटे झिजून जातात. मग जुलाब, पोटफुगी, रक्तक्षय सुरू होतो, मुलांची वाढ खुंटते आणि हाडे ठिसूळ होतात. यावर गोळी नाही. आयुष्यभर ग्लूटेन टाळणे हाच उपचार.

या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने उलगडला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई होती आणि पाव मिळेनासा झाला. भोवतीचे लोक उपाशी असताना या आजाराची मुले मात्र सुधारत होती. पावाचा पुरवठा सुरू झाल्यावर ती पुन्हा खालावली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला.

भारतात हा विकार गहू खाणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांत जास्त आढळतो. तिथे साधारण शंभरात एकाला तो असतो. दक्षिणेत प्रमाण बरेच कमी आहे. गव्हाची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट. सीलिअ‍ॅकची शंका आली म्हणून गहू सोडायचा आणि मग तपासणीला जायचे, हा क्रम उलटा आहे. आहारात गहू चालू असेल तरच रक्तातली प्रतिपिंडे आणि आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी खरा निकाल देतात. आणि ज्यांना काही विकारच नाही, त्यांनी फॅशन म्हणून गहू सोडून फायदा होतो याला फारसा आधार नाही.

वर्ज्य काय, ते नीट पाहावे लागते. रवा, मैदा, दलिया, शेवया हा सगळा गहूच. खपली गहू जुन्या वाणाचा म्हणून चालतो, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. खपलीतही ग्लूटेन असते. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. मेतकुटात गहू पडतो आणि बऱ्याच घरांच्या थालिपिठाच्या भाजणीतही. बाजारातल्या बांधानी हिंगात कणीक किंवा मैदा मिसळलेला असू शकतो, त्यामुळे वरणाच्या फोडणीतूनही गहू पोटात जातो.

पर्यायांत पहिला मान ज्वारीचा. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत पोळी रोजची झाली ती हरितक्रांती आणि रेशनच्या गव्हानंतर; त्याआधी देशावर रोजची होती ती भाकरी. सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीचे पीठ पांढरे आणि चवीला गोडसर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. ज्वारीतल्या प्रथिनांची जाळी होत नाही, म्हणून भाकरी लाटण्याऐवजी थापतात. पीठ एकत्र राहते ते स्टार्चच्या जोरावर. गरम पाण्याने स्टार्च फुगून चिकट होतो, म्हणून हात बसलेला नसेल तर थोड्या पिठाची उकड काढून ती बाकीच्या पिठात मळावी. एका वेळी एका-दोन भाकरींपुरतेच पीठ घ्यावे आणि तळहाताच्या टाचेने रगडावे. दळण जुने झाले की पिठाची विरी जाते. मग कितीही मळले तरी भाकरीच्या कडा फुटतात. म्हणून ज्वारी आठवड्याची आठवड्याला दळावी.

बाजरीला हा नियम आणखी कडक. तिच्यात स्निग्धांश ज्वारीपेक्षा जास्त, त्यामुळे पीठ लवकर कडवट होते. नाचणीचे मोल कॅल्शियममध्ये आहे: शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम, गव्हाच्या कितीतरी पट. आजारात आतडे झिजून हाडे कमकुवत झालेल्या माणसाला आंबील आणि नाचणीची भाकरी म्हणूनच उपयोगी.

कोकण आणि गोव्यात तांदळाने हा प्रश्न फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. उकडीची भाकरी, मोदक, घावन, आंबोळी यांपैकी कशालाही गव्हाची गरज पडत नाही. गोव्याचे सान्न तांदूळ-खोबऱ्याच्या वाटणात माडाची सूर घालून फुगवतात. इडलीत तेच काम उडीद करतो: त्याचा चिकटपणा आंबवताना तयार झालेला वायू पिठात धरून ठेवतो. तांदळाच्या पिठात प्रथिने आणि चोथा कमी, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबणे बरे नव्हे. मधुमेह्यांनी तर नाहीच. बेसन, मुगाचे आणि कुळथाचे पीठ ही उणीव भरून काढतात. पिठले-भाकरी किंवा कुळथाची पिठी आणि भात ही जेवणे या दृष्टीने अगदी पुरी आहेत.

उपवासाची पिठेही इथे कामाची. राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, भगर हे सारे ग्लूटेनमुक्त. त्यांत राजगिरा सर्वांत सकस, कारण त्यात प्रथिनेही चांगली आहेत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. तो रोजचा आधार होऊ शकत नाही. भगरीच्या पिठाला ओल लागली की बुरशी धरते आणि सणासुदीला विषबाधेच्या बातम्या येतात. भगर पाकीटबंद आणून घरीच दळावी. ओट्स मूळचे गव्हापासून वेगळे, पण शेतात आणि कारखान्यात गव्हाची भेसळ होते. शिवाय काही थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. तेव्हा डॉक्टरांना विचारल्यावाचून नकोत.

एकच पीठ शोधून त्याची पोळी, पाव, केक सगळे करू पाहणे, इथे बहुतेक घरे फसतात. भाकरीला ज्वारी, धिरड्याला बेसन, मोदकाला तांदूळ, असे पदार्थागणिक पीठ ठरवावे. पाव किंवा केक हवाच असेल तर पिठाच्या मिश्रणात इसबगोल किंवा झँथन गम घालावा लागतो. तो जाळीचे काम काही अंशी करतो. बाजारात मिळणारी तयार ग्लूटेनमुक्त मिश्रणे बहुधा तांदूळ आणि निरनिराळ्या स्टार्चची असतात. ती महाग पडतात आणि चोथ्यात कमी भरतात.

मात्र धान्य निवडण्यापेक्षा ते दळायचे कुठे, हा प्रश्न अवघड आहे. कोपऱ्यावरच्या गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी पडते, जात्यात राहिलेली कणीक तिच्यात उतरते आणि रुग्णासाठी ते पीठ बाद होते. आधी मूठभर धान्य दळून टाकून दिले तरी खात्री नाही. सीलिअ‍ॅक असलेल्या घरात वेगळी घरघंटी घेणे हाच चोख मार्ग. गहू दुसरीकडे दळावा. धान्य आणल्यावर निवडून, धुऊन वाळवावे, कारण पोत्यातच गव्हाचे दाणे मिसळलेले असतात. चाळणी, पोळपाट-लाटणे आणि काथवट रुग्णासाठी निराळी हवीत, आणि मैद्याच्या पुऱ्या तळलेले तेल त्याच्या ताटासाठी वापरू नये. पाकिटबंद पिठावर ग्लूटेनमुक्त असे छापायचे तर भारतीय नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. हे शब्द नसलेले पीठ, त्यावर नाव ज्वारीचे असले तरी, रुग्णाने सुरक्षित धरू नये.

दिवाळीच्या फराळाचा हिशेब याच नियमांनी लागतो. गहू न घातलेल्या घरच्या भाजणीची चकली, बेसनाचे लाडू, अनारसे आणि पोह्यांचा चिवडा निर्धोक, मात्र पिठे घरी दळलेली आणि हिंग तपासून घेतलेला हवा. दुकानातल्या चकलीत मैदा आणि बेसनाच्या लाडवात रवा असू शकतो. तिथे विचारूनच घ्यावे. करंजी, शंकरपाळी आणि चिरोटे यांच्यासाठी मैद्याच्या तोडीचे पीठ अजून नाही. ओढूनताणून केलेल्या नकलेपेक्षा ते पदार्थ रुग्णाच्या ताटात नसलेलेच बरे.