अवकाशातून दिवाळी दिसते का?

दिवाळी जवळ आली की घराघरांतल्या मोबाइलवर एक फोटो येऊन धडकतो. काळ्याभोर अंधारात भारताचा नकाशा, आणि तो नुसता झगमगतोय! कुठे पांढरे ठिपके, कुठे निळे, कुठे हिरवे, कुठे लाल. खाली लिहिलेलं असतं, ‘दिवाळीच्या रात्री नासाच्या उपग्रहाने टिपलेला आपला भारत’. बघताक्षणी छाती फुगते. आजी तो काकूला पाठवते, काकू मावशीला आणि मावशी सोसायटीच्या ग्रुपवर. कदाचित तुम्हीही पाहिला असेल.

आता एक सांगा, त्या फोटोला तुम्ही कधी प्रश्न विचारलाय का? फोटोलाही प्रश्न विचारता येतात बरं. आणि नीट विचारले, तर तो उत्तरंही देतो. चला, विचारून बघू.

पहिला प्रश्न: एवढे रंग आले कुठून?

हे चित्र ज्या उपग्रहांच्या नोंदींवरून तयार झालं, ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे हवामान-उपग्रह. रात्रीच्या अंधारातही ढग दिसावेत म्हणून त्यांच्यावर अगदी मंद उजेड टिपणारं उपकरण बसवलेलं होतं. ढग शोधता शोधता त्या उपकरणाला गावोगावचे दिवेही दिसू लागले. पण गंमत अशी, की उजेड किती आहे एवढंच ते सांगतं. तो पिवळा आहे की हिरवा, हे त्याला कळतच नाही. म्हणजे त्याने काढलेली चित्रं असणार काळी, पांढरी आणि करडी.

मग लाल, हिरवा आणि निळा? ते रंग माणसाने भरलेत, आणि मुद्दाम विचार करून भरलेत. अमेरिकेत नोआ नावाची हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ साली हे चित्र तयार केलं. लोकवस्ती कशी वाढत गेली, हे त्यांना दाखवायचं होतं. जे दिवे १९९२च्या आधीपासून दिसत होते, त्यांना त्यांनी पांढरा रंग दिला. १९९२मध्ये नव्याने दिसू लागले ते निळे, १९९८मध्ये दिसू लागले ते हिरवे आणि २००३मध्ये दिसू लागले ते लाल.

कळलं का काय झालं? आपण ज्याला एका रात्रीचा फोटो समजत होतो, त्यात दहा-अकरा वर्षांहून जास्त काळाची गोष्ट दडलेली आहे. एकेक लाल ठिपका म्हणजे जिथे आधी उपग्रहाला अंधार दिसायचा आणि नंतर दिवे दिसायला लागले, अशी जागा. तिथे नवी घरं झाली असतील, नवे रस्ते झाले असतील, विजेचे खांब उभे राहिले असतील. चित्र खरं आहे आणि मेहनतीने केलेलं आहे. खोटी आहे ती त्याच्या खाली चिकटवलेली ओळ!

दुसरा प्रश्न: मग दिवाळीतला खरा फोटो कसा दिसतो?

तोही आहे. २०११ साली सुओमी एनपीपी नावाचा नवा उपग्रह अवकाशात गेला. रात्रीचा उजेड तो आधीच्या उपग्रहांपेक्षा कितीतरी बारकाईने टिपतो. २०१२च्या दिवाळीच्या दिवसांत, १२ नोव्हेंबरच्या रात्री, त्याने दक्षिण आशिया टिपला आणि नासाने ते चित्र प्रसिद्ध केलं. रंगीबेरंगी नकाशा त्यात कुठेच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर शहरांचे पांढुरके पुंजके दिसतात, तेही नीट ओळखू यावेत म्हणून चित्राचा उजेड वाढवावा लागला होता. नासाने सोबत हेही स्पष्ट लिहिलं, की दिवाळीत वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून बघताना तो बहुधा लक्षातही येणार नाही.

असं का बरं? आपल्या चाळीत, वाड्यात, गल्लीत तर केवढा लखलखाट असतो!

उत्तर उपग्रहाच्या डोळ्यांत आहे. तो जमिनीपासून सुमारे ८२० किलोमीटर उंचीवर फिरतो. रेल्वेने मुंबईहून नागपूरला जायला साधारण तेवढं अंतर कापावं लागतं. एवढ्या उंचीवरून त्याला तुमच्या दारातली पणती वेगळी दिसत नाही. त्याचं चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखं ठिपक्याठिपक्यांनी बनतं, आणि त्यातला एकेक ठिपका जमिनीवरचा सुमारे पाऊण किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा व्यापतो. त्या एका ठिपक्यात तुमची बिल्डिंग आली, समोरचं मैदान आलं, दुकानं आली, रस्त्यावरचे सगळे दिवे आले. या सगळ्यांचा मिळून एकच उजेड मोजला जातो. रस्त्यावरचे मोठे दिवे तर वर्षभर रोज रात्री जळतातच. त्यात पणत्या आणि आकाशकंदील मिळाले, तरी बेरीज फारशी बदलत नाही.

आणखी एक गोष्ट. हा उपग्रह एखाद्या ठिकाणावरून रात्री जातो तो साधारण दीडच्या सुमाराला. तोपर्यंत तेल संपून बऱ्याच पणत्या विझलेल्या असतात आणि फटाके उडवणारी मंडळी गाढ झोपलेली असतात!

मग सणांचा उजेड अवकाशातून कधीच कळत नाही का? थांबा, इतक्यात ‘कधीच नाही’ म्हणू नका. २०१४ साली नासाचे शास्त्रज्ञ मिगेल रोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उपग्रहाच्या अनेक रात्रींच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. तेव्हा दिसलं, की नाताळच्या दिवसांत अमेरिकेतल्या कितीतरी शहरांचा उजेड २० ते ५० टक्क्यांनी वाढतो. मध्यपूर्वेतल्या काही शहरांत रमजानच्या महिन्यात रात्री अधिक उजळ होतात. नुसत्या डोळ्यांना जे दिसलं नाही, ते चिकाटीने मोजल्यावर सापडलं. एका फोटोवरून काही ठरवणं वेगळं आणि कित्येक रात्री मोजून ठरवणं वेगळं.

तिसरा प्रश्न फोटोला नाही, स्वतःला: मला हे खरं का वाटलं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दिवाळीचा तो फोटो बघून आपल्याला अभिमान वाटला. मन असं भरून आलं की ‘हे खरं कशावरून?’ असं विचारायचं सुचतच नाही. भीती वाटली किंवा राग आला, तरी असंच होतं. ‘ताबडतोब सगळ्यांना पाठवा’ असं लिहिलेले निरोप बहुतेक वेळा याच भावनांना हात घालतात. म्हणून एखादी पोस्ट बघून मन एकदम उसळलं, की तीच थांबायची वेळ समजायची.

शिवाय एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटायला लागते. १९७७ साली अमेरिकेतल्या लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी कॉलेजच्या मुलांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बरीच विधानं ऐकवली. काही खरी, काही खोटी. प्रत्येक विधान किती खरं वाटतं, हे मुलांनी सांगायचं होतं. त्यांतली काही विधानं दर खेपेला पुन्हा यायची. मुलांना तीच अधिकाधिक खरी वाटू लागली, त्यांतली खोटी विधानंसुद्धा! दिवाळीचा फोटो तर आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतोय, पाच-पाच ग्रुपवरून येतोय. पाच जणांनी पाठवला म्हणून तो पाचपट खरा होत नाही. पाचही जणांना तो एकाच जागेवरून आलेला असू शकतो.

आता घरात काय करायचं?

आधी एक पक्कं लक्षात ठेवा. आजोबांनी चुकीचा फोटो पाठवला, तर ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘हे खोटं आहे’ असं लिहायचं नाही. त्यांनी तो प्रेमाने पाठवलेला असतो. त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि म्हणा, “आजोबा, हा फोटो कुणी काढलाय हो? आपण दोघं मिळून शोधूया का?” मोठ्यांना चूक दाखवलेली आवडत नाही, पण नातवंडाबरोबर शोध घ्यायला फार आवडतं.

मग दोघं मिळून हे बघा. निरोपावर दोन बाण आहेत का? व्हॉट्सॲपवर दोन बाण दिसले, तर तो निरोप अनेक हातांतून फिरत आलाय असं समजा. पाठवणाऱ्याला मूळ माणूस माहीत असण्याची शक्यता फार कमी. नंतर गूगल लेन्समध्ये तो फोटो टाका आणि तो आधी कुठे, कधी आला होता ते शोधा. वर नासाचं नाव असेल, तर नासाच्याच संकेतस्थळावर तो आहे का ते पाहा. आणि फोटो व खालची ओळ वेगवेगळी तपासा. दिवाळीच्या फोटोत आपण पाहिलंच, की एक खरं आणि दुसरं खोटं असू शकतं.

एक प्रयोगही करून बघा. संध्याकाळी गॅलरीत किंवा अंगणात चार-पाच पणत्या लावा. आईबाबांच्या मोबाइलवरून आधी अगदी जवळून फोटो काढा, मग मोठ्या माणसाला सोबत घेऊन रस्त्याच्या टोकाला जा आणि तिथून काढा. दोन्ही फोटो खरे, जागा तीच आणि वेळही तीच. पण एकात झगमगाट दिसेल आणि दुसऱ्यात पणत्या शोधाव्या लागतील. हे दोन्ही फोटो घरातल्यांना दाखवा आणि विचारा, “इथे दिवाळी आहे की नाही?” उत्तरं ऐकण्यासारखी असतील.

आणि समजा, सगळं तपासूनही एखाद्या पोस्टचा छडा लागला नाही, तर? तर ‘अजून माहीत नाही’ म्हणायचं आणि ती पुढे पाठवायची नाही. त्यात कमीपणा मुळीच नाही. शास्त्रज्ञही पुरेसं मोजून होईपर्यंत हेच म्हणतात.