वकिलातीच्या दारावरचा पहारा

परदेशातील वकिलात म्हणजे आपलीच भूमी, असे आपण सहज बोलून जातो. ते खरे नव्हे बरे का! झेंडा आपला, जमीन यजमान देशाचीच. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने ठरविले ते एवढेच की, वकिलातीच्या प्रमुखाच्या संमतीवाचून यजमानांचे पोलीससुद्धा आत पाऊल टाकणार नाहीत. तिचे रक्षण करणे हे मात्र त्यांचे खास कर्तव्य राहील.

म्हणून पहारा दुपदरी असतो. फाटकाबाहेर त्या देशाचे पोलीस, आत आपली माणसे. अमेरिकेने आतल्या कामासाठी १९४८ मध्ये मरीन सैनिकांची योजना केली. पण बाहेरचा पदर सुटला तर? तेहरानला ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेच झाले. मूठभर मरीन, समोर जमाव, आणि गोळी झाडू नये असा हुकूम. अश्रुधूर सोडून त्यांनी वेळ काढला. आत कागदपत्रे नष्ट करण्याची घाई चालली होती. यजमानांची कुमक आलीच नाही. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले.

असा पहारेकरी लढाई जिंकायला नसतोच. मदत येईपर्यंत दार धरून ठेवायला असतो. अफगाणिस्तानात हे काम आपल्या भारत-तिबेट सीमा पोलिसांकडे होते. दल १९६२ चे, उभारलेले हिमालयाच्या सीमेसाठी! २३ मे २०१४ च्या पहाटे हेरातच्या कॉन्सुलेटवर बंदूकधारी चालून आले, तेव्हा या जवानांनी त्यांना थोपवून धरले. अफगाण दलेही लढली, आणि आपले सारे कर्मचारी वाचले. काबूलला ७ जुलै २००८ रोजी मात्र स्फोटकांनी भरलेली मोटार वकिलातीच्या फाटकावरच फुटली. दलाचे दोन जवान गेले. बाकीचे बहुतेक मृत अफगाणच होते, काही तर व्हिसासाठी बाहेर रांगेत उभे राहिलेले.