मैत्रिणीला गाठ निघाली, तर आपण काय करायचं?

आम्ही चिखल्याच्या बचत गटातल्या बाया. आज बोलायचं आहे ते स्तनाच्या कॅन्सरबद्दल, पण त्याहून जास्त त्या बाईच्या सोबत राहण्याबद्दल.

आमच्या गटातली एक मैत्रीण दोन बैठकांना आली नाही. हप्ता मात्र मुलीच्या हाती पाठवला. तिसऱ्या वेळी आम्ही तिच्या घरी गेलो. ती तांदूळ निवडत बसली होती. मान खाली घालूनच म्हणाली, "छातीत गाठ निघाली. नागपूरला तपासलं. कॅन्सर म्हणतात. कोणाला सांगू नका बाई."

आम्ही घाबरलो आणि तोंडाला येईल ते बोललो. एक म्हणाली, "काही होत नाही, टेन्शन घेऊ नको." दुसरीनं आपल्या मामेसासूची गोष्ट सांगितली, ती कशी वारली त्याची. तिसरीनं एका गावच्या झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता दिला. ती ऐकत राहिली. पुढं कितीतरी दिवसांनी तिनं सांगितलं, "तुम्ही गेल्या आणि मी रात्रभर झोपली नाही."

म्हणून पहिली गोष्ट ही. अशा वेळी आपण कमी बोलायचं. "तुला काय वाटतं, सांग" एवढं विचारायचं आणि ऐकायचं. रडली तर रडू द्यायचं. मेलेल्या बायांच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. आणि तिनं "सांगू नका" म्हटलं असेल, तर कोणाला सांगायचं, कोणाला नाही, हे तिलाच विचारायचं. आजार तिचा आहे, बातमीही तिचीच आहे.

दुसरी गोष्ट, गैरसमजांची. हा आजार शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एका अंथरुणात झोपल्यानं लागत नाही. तिचं ताट वेगळं ठेवायचं कारण नाही. तो कोणाच्या नजरेनं किंवा मागच्या जन्माच्या पापानं होत नाही. सुई टाकून गाठीचा तुकडा तपासला की कॅन्सर पसरतो, असं पुष्कळ बाया म्हणतात. तेही खरं नाही. ती तपासणी झाल्याशिवाय गाठ कोणत्या जातीची आहे आणि औषध कोणतं द्यायचं, हे डॉक्टरांना कळतच नाही. हे सगळं तिच्या नवऱ्यासमोर आणि सासूसमोर बोलायचं. घरात तिला बोल लागत असेल, तर चार बायांनी मिळून सांगितलेलं घरचे ऐकतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. उपचार अर्धवट सुटू द्यायचा नाही.

स्तनाच्या कॅन्सरचा उपचार एका दिवसाचा नसतो. ऑपरेशन असतं. केमो, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, बहुतेक वेळा दर एकवीस दिवसांनी आणि असं अनेक वेळा घ्यावं लागतं. शेक द्यायचा असेल तर आठवड्यातले पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे. पुढं काही जणींना पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ रोज एक गोळी. आजार लवकर सापडला आणि उपचार पुरा झाला, तर बहुतेक बाया बऱ्या होतात. पण मध्येच सोडला, तर उरलेल्या रोगाला पुन्हा वाढायला वाव मिळतो.

आता आपल्याकडची गत बघा. चिखल्याहून नागपूर म्हणजे अख्खा दिवस. आधी तुमसर, मग पुढची गाडी. घरचा माणूस खाणीच्या पाळीवर. रोवणी लागली की मजुरी बुडते. लेकरांची शाळा, घरची गाय. दोन केमो झाले, केस गळाले, अंगात त्राण राहिलं नाही की बाई म्हणते, "आता बरं वाटते, पुढच्या महिन्यात पाहू." तो पुढचा महिना काही येत नाही.

आमची मैत्रीणही दुसऱ्या केमोनंतर हेच म्हणाली. तेव्हा आम्ही वहीचं एक पान काढलं. तारखा वर लिहिल्या, नावं खाली. कोण सोबत जाणार, कोण मुलीला जेवू घालणार, कोण गाईचं शेण-चारा बघणार. जी सोबत जाई ती फाईल सांभाळी, डॉक्टर बोलले ते लिहून घेई आणि पुढची तारीख विचारून येई. घाबरलेल्या माणसाला ऐकलेलं आठवत नाही. चार कान लागतात.

पैशाचंही आधी विचारून घ्यायचं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला एका कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतचा उपचार होतो, आणि कॅन्सर त्यात येतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, सरकारी मेडिकल आहे. कोणता उपचार योजनेत बसतो, ते भरती होण्याआधी विचारा. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या माणसालाही सवलत मिळते. त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्यायचा. मुंबईला टाटाला जावं लागलं, तर दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे. तिथं कॅन्सरचे रुग्ण आणि नातेवाईक राहतात.

चौथी गोष्ट, घरी लक्ष ठेवायची. केमोनंतर अंगाची ताकद कमी होते आणि साधा जंतूही भारी पडतो. पाणी उकळून, अन्न ताजं शिजवून द्यायचं. खोकला-ताप असेल तर आपण भेटायला जायचं नाही. तिला १००.४ च्या वर ताप आला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. झाडपाला, काढा काही घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं. लपवायचं नाही.

काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हात सुजू शकतो. त्या हातानं सरपणाचा भारा, पाण्याचा हंडा उचलायचा नाही. विळ्यानं कापू द्यायचं नाही. घट्ट बांगड्या नकोत. पण हात बांधूनही ठेवायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम रोज करायचा.

यावरून एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्कला टेरेस लॅसर नावाच्या बाईचं १९५२ साली स्तनाचं ऑपरेशन झालं. पुढं काय करायचं, हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, हे तिला कोणीच धड सांगितलं नाही. मग ती स्वतः ऑपरेशन झालेल्या बायांना भेटू लागली. सोबत एक चेंडू, एक दोरी आणि पोलक्यात ठेवायची एक गादी नेई. चेंडू आणि दोरी हाताच्या व्यायामाला. त्यातून मोठं काम उभं राहिलं. आपल्या मुंबईतही वंदना गुप्ता या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बाईंनी १९९४ साली व्ही केअर ही संस्था काढली. तिचे कार्यकर्ते रुग्णांजवळ बसतात, बोलतात.

चेंडू, दोरी, कापूस. यातलं आपल्या गावात काय मिळत नाही? आमच्यातल्या शिलाई मशीनवालीनं जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, सुती कापडाची मऊ गादी शिवली आणि पोलक्याला आतून खिसा लावला. त्या दिवशी आमची मैत्रीण पहिल्यांदा लग्नाला आली.

शेवटी आपल्या सगळ्यांसाठी एक. बहुतेक वेळा ही गाठ दुखत नाही, म्हणून बाई थांबते. गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर आशाताईला सांगा. तिशीनंतर उपकेंद्रात सरकारी तपासणी होते, ती करून घ्या. टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वीस वर्षं मुंबईतल्या दीड लाखावर बायांचा अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं. पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. मोठं मशीन नव्हतं. शिकलेले हात होते.

आमच्या मैत्रिणीची रोजची गोळी अजून सुरू आहे. पाच वर्षं घ्यायची आहे. बैठकीत हप्ता गोळा झाला, सह्या झाल्या की आमच्यातली एक तिला विचारते, "गोळ्या किती उरल्या वो?" आणि तिनं सांगितलेला आकडा आम्ही वहीत लिहून ठेवतो.