बालपण बोलते करा
2001 साली हाँगकाँगमध्ये ‘माय लाइफ ॲज मॅकडल’ हा कँटनीज भाषेतील ॲनिमेशनपट निघाला. भोळे डुकराचे पिल्लू, त्याला एकटीने वाढविणारी आई, गल्लीतील खाणावळ; अशा साध्या गोष्टींतून तेथील बालपण त्यात उभे राहते.

नागपूरकर वाचकहो, आपले बालपण तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलात आणि घरोघरी मिळणाऱ्या बोजाऱ्यात साठलेले आहे. स्मृतिभ्रंशात बहुधा नुकतेच घडलेले आधी विसरले जाते. जुने अधिक काळ टिकते. म्हणून “आज काय जेवलात?” अशी परीक्षा घेण्यापेक्षा लाकडी बैल हाती द्यावा आणि विचारावे, “बाबा, तुम्ही बैल कसा सजवीत होता?” चूक सुधारू नये. आठवण दुखरी निघाल्यास हात धरून धीर द्यावा. हरपलेली स्मृती याने परतणार नाही. पण ती घटका दोघांचीही सुखाची होऊ शकते.